चेस्टनटची वेचणी

चेस्टनटची वेचणी : चेस्टनट वृक्षाची पिकलेली फळे जमिनीवरून गोळा करणे, ती काटेरी बोंडांतून सोडविणे आणि सुकवणीच्या जागी पोहोचविणे या सर्व कामांना मिळून ही संज्ञा वापरली जाते. दक्षिण यूरोपातील डोंगराळ प्रदेशांत सुमारे आठशे वर्षे हे काम शरद ऋतूतील सर्वांत मोठे सामुदायिक काम होते. फ्रान्समधील सेव्हेन व आर्देश, कॉर्सिका बेट, इटलीतील ॲपेनाइन पर्वताचा पट्टा, स्वित्झर्लंडमधील तिचीनो आणि पोर्तुगालचा ईशान्य भाग हे त्याचे मुख्य प्रदेश होत. या वृक्षाची लागवड, कलमे व रोग यांविषयी विपुल लेखन झाले आहे; वेचणीविषयी मात्र त्या मानाने फारच थोडे आढळते. हे काम मुख्यतः स्त्रिया व मुले करीत आणि त्यासाठी लागणारी अवजारे टोपली, चिमटा व दंताळे एवढीच असत, हे त्याचे एक कारण असावे.

कॅस्टॅनिया प्रजातीतील (कुल-फॅगेसी) चार जाती फळांसाठी महत्त्वाच्या आहेत : यूरोपीय (कॅस्टॅनिया सटायव्हा), चिनी (कॅ. मॉलिस्सिमा), जपानी (कॅ. क्रेनेटा) व अमेरिकन (कॅ. डेन्टॅटा). हॉर्स चेस्टनट हा वृक्ष निराळ्या कुलातील असून त्याच्या बिया खाण्यायोग्य नसतात. इंग्रजीत ज्याला वॉटर चेस्टनट म्हणतात, तो आपल्याकडील तळ्यांतील शिंगाडा होय. त्याचाही या वृक्षाशी संबंध नाही. पोर्तुगीजांनी मात्र आपल्या ओळखीच्या या फळाचे नाव दूरवर नेले. त्यांनी सोळाव्या शतकात गोव्यात आणलेल्या काजूच्या बीला त्यांच्या भाषेत ‘कास्तान्या दि काजू’, म्हणजे काजूचे चेस्टनट, असेच म्हणतात.

वेचणीच्या पद्धती समजण्यासाठी फळाची रचना ध्यानात घेणे आवश्यक आहे. हिरव्या बोंडावर सुईसारख्या बारीक, ताठ काट्यांचे दाट आवरण असते व आत बहुधा तीन तपकिरी, चकचकीत फळे असतात. सप्टेंबरअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत बोंडे पिकून पिवळसर होतात व उकलतात. काही फळे झाडावरूनच सुटी होऊन पडतात, तर काही बोंडासकट. अक्रोड वा बदाम यांच्याप्रमाणे हे फळ तेलयुक्त नाही. त्यात पिष्टमय पदार्थ भरपूर, स्निग्ध पदार्थ अल्प आणि ताज्या फळाच्या वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी असते. यामुळे ओल्या जमिनीवर पडलेले फळ थोड्याच दिवसांत बुरसते. आत भुंगेऱ्याची अळी असली, तर ती फळ पोखरून बाहेर पडते व मातीत शिरते. रानडुकरे, उंदीर व खारी यांचा वाटा वेगळाच. म्हणून झाडाखालची जागा दररोज, निदान एक दिवसाआड, पालथी घालावी लागते. सर्व झाडे एकाच वेळी फळ टाकीत नाहीत. एकाच झाडाची फळगळही दोन ते चार आठवडे चालते. तेव्हा गव्हाच्या कापणीसारखा एकदाच जोर करून हे काम उरकता येत नाही. शरद ऋतूतील पावसात, उतरणीवर, वाकून वा गुडघ्यांवर बसून ते महिनाभर करावे लागते.

बोंडाच्या काट्यांचे नवल प्राचीन काळीही वाटले होते. रोमन लेखक थोरला प्लिनी (इ. स. २३–७९) याने आपल्या निसर्गेतिहासात चेस्टनटच्या अनेक वाणांची नोंद केली असून, इतक्या क्षुल्लक मोलाची वस्तू निसर्गाने एवढ्या काळजीने दडवून ठेवावी याबद्दल त्याने आश्चर्य व्यक्त केले आहे. ज्याला हे फळ बाजारात विकत मिळते त्याचा हा अभिप्राय आहे. ज्यांना ते स्वतः सोडवावे लागे, त्यांच्या दृष्टीने त्याचे मोल त्या काट्यांनीच ठरत असे.

रोमन काळात या वृक्षाचा प्रसार झाला, तरी डोंगरी जनतेचे मुख्य अन्न म्हणून त्याची लागवड वाढली ती साधारणपणे अकराव्या ते तेराव्या शतकांत. उत्तर ॲपेनाइनमधील लागवडीचे श्रेय परंपरेने कानोसाची सरदारीण मातिल्दा (१०४६–१११५) हिला दिले जाते. झाडे त्रिकोणी मांडणीत, एकमेकांपासून सुमारे दहा मीटरांवर लावण्याची पद्धत तिच्याच नावाने ओळखली जाते. परंपरा खरी असो वा नसो, ही विरळ मांडणी वेचणीच्या सोयीची होती. झाडाखाली प्रकाश पोहोचे, गवत कापता येई आणि पडलेले फळ नजरेस पडे. कॉर्सिकावर जेनोआ प्रजासत्ताकाचा अंमल असताना १५८४ मध्ये प्रत्येक जमीनधारकाने दरवर्षी चार झाडे लावावीत असा हुकूम निघाला. चेस्टनट, ऑलिव्ह, अंजीर व तुती ही ती झाडे होत. बेटाच्या ईशान्येकडील डोंगराळ मुलखाने त्यांपैकी चेस्टनट इतके उचलले की, त्या मुलखाला ‘कास्तान्यिच्चा’ हेच नाव पडले.

या प्रदेशांत वेचणीची तयारी उन्हाळ्याच्या अखेरीस सुरू होई. झाडांखाली बेणणी करून झुडपे, नेचे व गवत कापून काढीत आणि जुना पाला ओढून जाळीत. उतरणीवर पडलेले फळ घरंगळत ओढ्यापर्यंत जाते. ते अडविण्यासाठी दगडांच्या ताली रचीत किंवा कापलेल्या फांद्यांचे आडवे बांध घालीत. सेव्हेनमधील डोंगरउतारांवर दिसणाऱ्या सुक्या दगडी पायऱ्यांनी माती धरून ठेवली, तशीच चेस्टनटची फळेही. वेचणी सुलभ करण्याचा हा सर्वांत जुना उपाय होय. तो इतका जमिनीत मिसळून गेला आहे की, त्याची गणना वेचणीच्या साधनांत सहसा कोणी करीत नाही.

प्रत्यक्ष वेचणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे असे. कमरेला जाड कापड बांधून त्याची ओटी करीत. ती भरली की टोपलीत आणि टोपलीतून गोणीत फळे ओतीत. सुटे पडलेले फळ हातांनी उचलता येई, परंतु मिटलेली बोंडे सोडविण्यासाठी निरनिराळ्या युक्त्या होत्या. चेस्टनटचीच लवचिक काठी मधोमध वाकवून केलेला चिमटा बोंड उचलण्यास उपयोगी पडे. लहान लाकडी हातोडीने वा दंताळ्याच्या पाठीने बोंड ठेचता येई. सर्वांत प्रचलित रीत पायांची होती : जाड लाकडी तळाचे जोडे घालून एका पायाने बोंड धरावयाचे व दुसऱ्याने रगडून उकलावयाचे. चामड्याचे हातमोजे सर्वांना परवडत नसत. काटा बोटात शिरला की मोडतो व टोक आत राहते. असे काटे सायंकाळी दिव्याजवळ सुईने काढणे हा हंगामातला नित्यक्रम असे. थंडीने बधिर झालेल्या बोटांना काटा शिरल्याचे त्या वेळी कळतही नसे.

सेव्हेनमधील मोठ्या मळ्यांना घरची माणसे पुरत नसत. उत्तरेकडील उंच पठारांवरून, जेथे चेस्टनट पिकत नाही, स्त्रियांच्या टोळ्या हंगामापुरत्या खाली उतरत. त्यांचा मोबदला बऱ्याच वेळा वस्तुरूपाने, म्हणजे सुकविलेल्या फळांच्या मापांनी, दिला जाई. मुलांचा हातभार सर्वत्र गृहीत धरलेला होता. फ्रान्समध्ये १८८२ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाल्यावरही ग्रामीण भागातील मुले हंगामाच्या दिवसांत शाळेपेक्षा शेतात व रानातच अधिक असत.

मालकाची वेचणी संपल्यावर उरलेल्या फळांवर गरिबांचा हक्क असे. इटली व तिचीनो यांच्या अनेक खोऱ्यांत सेंट मार्टिनच्या सणानंतर (११ नोव्हेंबर) राने सर्वांना खुली होत आणि कोणीही सरवा वेचावा असा रिवाज होता. पाल्याखाली दडलेली, अर्धवट कुजलेली फळे त्यांच्या वाट्याला येत. परंतु ज्यांच्याजवळ एकही झाड नव्हते त्यांचा हिवाळा त्यांवरच निघे. पुढे वेचणी यंत्राने होऊ लागली तेव्हा जमिनीवर सरवा फारसा उरेना. तोवर मात्र त्या खोऱ्यांत सरवा वेचणारेही फारसे राहिले नव्हते.

फळगळीची वाट पाहण्याला पर्याय झोडणीचा होता. माणूस लांब काठी घेऊन झाडावर चढे व फांद्यांवर प्रहार करून बोंडे खाली पाडी. तीन-चार आठवड्यांचे काम अशा रीतीने थोड्या दिवसांत आटोपे. फळ चोरांच्या वा डुकरांच्या हाती लागण्यापूर्वी घरात येई. बाजारात लवकर पोहोचलेल्या मालाला भावही चांगला मिळे. या लाभाची किंमत दोन प्रकारे द्यावी लागे. पहिली झाडाला : चेस्टनटची फळे चालू वर्षाच्या कोवळ्या डहाळ्यांवर येतात व त्या डहाळ्या आदल्या वर्षीच्या काडीच्या टोकाकडील कळ्यांतून फुटतात. झोडणीने टोके मोडली की पुढील वर्षीचे पीक घटते, म्हणून कृषितज्ञांनी या पद्धतीला वारंवार विरोध केला. दुसरी किंमत माणसाला द्यावी लागे. जुना चेस्टनट वीस-पंचवीस मीटरांपर्यंत उंच वाढतो, त्याचे खोड बहुधा आतून पोकळ असते आणि ऑक्टोबरच्या पावसात साल निसरडी होते. एक हात काठीत गुंतलेला व तोल वर पाहून सांभाळावयाचा, अशा स्थितीत पडणाऱ्याला खाली उतरणीचा दगडी बांधच भेटे. झाडाखाली उभे असणाऱ्यांच्या डोक्यावर व डोळ्यांत बोंडे पडत, ते निराळेच.

या दोन पद्धतींची तुलना करताना एक गोष्ट सहसा सुटते. फळगळीची वाट पाहणे ही सुरक्षित पद्धत आणि झोडणी ही धोक्याची पद्धत असे म्हटले जाते, ते चढणाऱ्या पुरुषापुरते खरे आहे. गळीच्या पद्धतीत कोणी उंचावरून पडत नाही. तिची झीज मात्र वेचणाऱ्या स्त्रियांच्या पाठीत, गुडघ्यांत आणि बोटांत साठत जाते आणि तिची नोंद अपघात म्हणून कोठेही होत नाही. कोणत्या गावाने कोणती पद्धत स्वीकारावी हे पुष्कळदा घरात वाकणारी माणसे किती आहेत यावरून ठरे.

झाडाच्या बाजूने बोलणारेही कोणी होते. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्समध्ये दगड मारून चेस्टनट पाडण्याची सर्रास रीत होती. निबंधकार हेन्री डेव्हिड थोरो (१८१७–६२) याने १८५५ च्या ऑक्टोबरातील आपल्या रोजनिशीत, आपणही असा दगड मारला याबद्दल स्वतःला दोष दिला आहे. जे झाड आपल्याला खाऊ घालते त्याला इजा करणे हा अन्याय होय, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. त्याला ज्ञात असलेला हा वृक्ष पुढे अर्ध्या शतकात निराळ्याच कारणाने नष्ट होऊ लागला.

काट्यांचा प्रश्न सोडविण्याची एक उत्तम जुनी युक्ती अढीची होती. न उकललेली बोंडे रानातच ढीग करून रचीत आणि त्यांवर पाला, नेचे व माती घालून ढीग ओलसर ठेवीत. आंबा अढीत घालतात त्याचीच आठवण व्हावी अशी ही रीत आहे. मात्र येथे हेतू फळ पिकविण्याचा नसून बोंड सैल करण्याचा असतो. दोनतीन आठवड्यांत आंबण्याच्या क्रियेने बोंडाचे काटे मऊ पडत व दंताळ्याने ओढताच फळे सुटत. इटलीत या ढिगाला ‘रिच्च्याया’ म्हणतात. अढीमुळे हातांना होणारी इजा कमी झाली. शिवाय अढीतील फळ हिवाळ्यात बराच काळ ताजे राहत असल्याने वेचणी व विक्री यांमध्ये अंतर ठेवणे शक्य झाले. झोडणी करणाऱ्या चीन व तुर्कस्तान या देशांतही अर्धकच्ची बोंडे ढिगात ठेवून उकलविण्याची रीत आढळते.

वेचलेल्या फळांचा मोठा भाग सुकविला जाई. सेव्हेनमधील ‘क्लेद’ व तस्कनीतील ‘मेतातो’ ही दुमजली दगडी खोपटी असत. खाली धुमसता विस्तव आणि वर कामट्यांच्या माळ्यावर फळांचा थर. कॉर्सिकात घरातील चुलीवरच असा माळा बांधीत. तीन-चार आठवडे धुरावर सुकल्यानंतर मळणी होई. तळाला लांब लोखंडी दाते बसविलेले जोडे घालून पुरुष फळांवर नाचल्यासारखे चालत किंवा पिशवीत फळे भरून ती ओंडक्यावर आपटीत. मग पाखडून टरफल वेगळे काढीत. ताज्या फळांच्या वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा एवढेच सुके फळ हाती येई. त्याचे पीठ करून घट्ट लापशी वा भाकरीसारखे पदार्थ बनवीत.

एवढ्या खटाटोपानंतर हाती येणाऱ्या या अन्नाला अठराव्या शतकातील प्रशासक व अर्थशास्त्रज्ञ ‘आळशांची भाकरी’ मानीत, ही गोष्ट विलक्षण म्हणावी लागेल. त्यांच्या मते गव्हाला नांगरट लागते, पेरणी लागते. चेस्टनट आपोआप पिकतो व माणसाला कामाची सवय लागू देत नाही. कॉर्सिका फ्रान्सच्या ताब्यात आल्यावर १७७१ मध्ये तेथे चेस्टनटच्या नव्या लागवडीवर बंदी घालण्यात आली. ती फार काळ टिकली नाही. बटाट्याचा पुरस्कर्ता म्हणून प्रसिद्ध असलेला पार्मांत्ये (१७३७–१८१३) याने १७८० मध्ये चेस्टनटवर स्वतंत्र प्रबंध लिहून या अन्नाची गंभीरपणे दखल घेतली. आळसाचा आरोप करणाऱ्यांनी श्रम मोजले ते नांगराचे, म्हणजे पुरुषांचे व वसंतातले. शरद ऋतूत महिनाभर वाकलेल्या स्त्रियांचे श्रम त्यांच्या हिशेबात आलेच नाहीत. वेचणीची साधने शतकानुशतके जवळजवळ होती तशीच का राहिली, याचे एक उत्तर येथे सापडते. जे श्रम मानले जात नाहीत, ते हलके करण्यासाठी कोणी अवजार शोधीत नाही. मानवशास्त्रज्ञ आरियान ब्र्युनतों-गव्हेर्नातोरी यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘ल पँ द ब्वा’ (लाकडाची भाकरी) या ग्रंथात अशा तुच्छतेची व प्रत्यक्ष लोकजीवनाची चिकित्सा केली आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून या जगाची घडी विसकटू लागली. मुळे कुजविणाऱ्या ‘शाई’ रोगाने राने वाळू लागली. बटाटा व स्वस्त गहू डोंगरांत पोहोचले. कातडी कमाविण्यासाठी लागणारे टॅनीन चेस्टनटच्या लाकडातून काढणारे कारखाने शतकाच्या उत्तरार्धात वाढले आणि कॉर्सिका व सेव्हेनमधील असंख्य झाडे त्यांना विकली गेली. वेचणारी माणसे शहरांकडे व खाणींकडे जाऊ लागली होती. ज्या झाडाची फळे वेचायला कोणी नाही ते झाड लाकडाच्या भावाने विकणे साहजिक होते. विसाव्या शतकात खोडावरील करपा रोगाची भर पडली. न्यूयॉर्कमध्ये १९०४ मध्ये आढळलेल्या या कवकाने पुढील चार-पाच दशकांत अमेरिकन चेस्टनट जवळजवळ नामशेष केला. इटलीत तो १९३८ मध्ये जेनोआजवळ दिसला. यूरोपात मात्र काही झाडांच्या जखमा आपोआप भरून येत असल्याचे आंतोन्यो बिराघी या इटालियन शास्त्रज्ञाच्या १९५० च्या सुमारास ध्यानात आले, आणि कवकाचा सौम्य प्रकार हे त्याचे कारण असल्याचे पुढे फ्रान्समधील झां ग्रांत याने दाखविले. त्यामुळे यूरोपातील राने वाचली. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांखाली वाकणारी माणसे उरली नव्हती.

वेचणीतील खरे परिवर्तन या टंचाईतून घडले. वेचणाऱ्या स्त्रियांच्या पाठीची काळजी वाटली म्हणून यंत्रे आली नाहीत; त्या स्त्रिया निघून गेल्या म्हणून आली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जाळ्यांचा वापर सुरू झाला. फळगळीपूर्वी झाडाखाली कृत्रिम धाग्याची जाळी पसरतात किंवा उतरणीवर खुंटांच्या आधाराने ती थोडी उंच ताणतात, म्हणजे फळे व बोंडे घरंगळत खालच्या काठाशी जमतात. दगडी तालींचे काम येथे जाळी करते. वाकण्याचे श्रम पुष्कळ कमी होतात, एक-दोन माणसांना मोठे रान सांभाळता येते आणि फळाला माती लागत नाही. उणिवाही आहेत. पाला साचला की जाळी जड होते, रानडुकरे ती फाडतात आणि फळ आठवडाभर पडून राहू दिले तर बुरशी व ऊन दोन्ही त्याला बाधतात. जाळीने वाकणे वाचविले, पण रोजची फेरी पूर्णपणे वाचविली नाही.

दुसरी दिशा हवेच्या जोराने फळ ओढून घेणाऱ्या यंत्रांची. ट्रॅक्टरला जोडलेल्या चूषण यंत्राची जाड लवचिक नळी माणूस जमिनीवरून फिरवितो. फळे, बोंडे व पाला आत ओढले जातात आणि यंत्रात वेगळे होतात. पाठीवर घेण्याची लहान यंत्रेही प्रचारात आली. इटलीतील विटेर्बोच्या परिसरात हेझलनटच्या वेचणीसाठी जी स्वयंचलित यंत्रे विकसित झाली, ती चेस्टनटसाठीही वापरली जाऊ लागली. फिरते ब्रश फळे मध्यभागी लोटतात व यंत्र ती उचलते. अशा यंत्राने एका माणसाचे काम हातवेचणीच्या अनेक पटींनी होते. त्यासाठी जमीन मात्र बऱ्यापैकी सपाट, दगडविरहित व कापलेल्या गवताची हवी. अढीची जागा पाण्याच्या उपचाराने घेतली : फळे काही दिवस थंड पाण्यात बुडवून ठेवतात किंवा ५० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात सुमारे पाऊण तास ठेवून आतील अळ्या मारतात.

यंत्रांनी नवे धोकेही आणले. कोरड्या हंगामात यंत्राभोवती उडणारी बारीक धूळ, एंजिनाचा आवाज, हातांना व पाठीला बसणारी कंपने आणि उतरणीवर ट्रॅक्टर उलटण्याची भीती हे प्रश्न पूर्वी नव्हते. विटेर्बो येथील तुश्या विद्यापीठातील कृषी अभियंत्यांनी एकविसाव्या शतकात कवचफळांच्या यांत्रिक वेचणीतील धूळ, आवाज व कंपने यांची मोजणी केली आणि बंद कक्षाची यंत्रे, श्वसनपट्ट्या इत्यादी उपायांचा विचार त्यातून पुढे आला. वेचणाऱ्याच्या शरीरावर काय परिणाम होतो याची पद्धतशीर मोजणी यंत्राबरोबरच सुरू झाली, हे लक्षणीय आहे. हातांनी वेचणाऱ्या पिढ्यांची अशी मोजणी कोणी केली नव्हती.

काट्यांच्या इजेविषयी अधिक माहिती पूर्व आशियातून मिळते. कोरिया व जपानमध्ये शरद ऋतूत नेत्रवैद्यांकडे येणाऱ्या रुग्णांत चेस्टनटचा काटा बुबुळावरील पारदर्शक पटलात रुतलेले रुग्ण असतात. काटा अतिशय बारीक असल्याने त्याचे टोक राहून जाते, आणि वनस्पतिजन्य जखम असल्याने कवकाचा संसर्ग होऊन दृष्टी जाण्याचाही संभव असतो. झाडाखाली वर पाहणे हेच याचे मुख्य कारण. रुंद काठाची टोपी व बाजूंनी बंद असलेला चष्मा हा यावरचा स्वस्त व पुरेसा उपाय आहे. जपानी शेतकरी वेचताना लोखंडी चिमटा वापरतात व दोन्ही बुटांनी बोंड दाबून उकलतात. सेव्हेनमधील स्त्रियांची पायांची रीत पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला स्वतंत्रपणे सापडलेली दिसते. उत्पादनात जगात प्रथम क्रमांकावर असलेल्या चीनमध्ये वेचणी व झोडणी या दोन्ही पद्धती जुन्या आहेत. हपे प्रांतातील क्वानचंग येथील पारंपरिक चेस्टनट शेतीचा २०२३ मध्ये जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशांत समावेश झाला. अमेरिकेतील लहान बागांत तारेच्या पिंजऱ्याचा रूळ वापरतात. लांब दांड्याने तो जमिनीवर फिरविला की तारा फाकून सुटी फळे आत शिरतात व माणसाला वाकावे लागत नाही. काटे, पाला व ढेकळे फारशी नसलेल्या जमिनीवरच तो नीट चालतो.

जेथे झाडे उंच, जमीन उभ्या चढाची आणि मालकी लहान आहे, तेथे ही साधने पोहोचलेली नाहीत. तुर्कस्तानातील आयदिनसारख्या प्रांतांत झोडणारे कसबी मजूर लांब काठ्या घेऊन झाडांवर चढतात आणि झाडावरून पडण्याचा धोका त्या कामाला चिकटलेलाच आहे. दोर-पट्ट्याने स्वतःला फांदीशी बांधून घेणे, जमिनीवरूनच वापरता येणाऱ्या लांब हलक्या काठ्या आणि नव्या लागवडीत छाटणीने झाड बुटके ठेवणे हे त्यावरील उपाय होत. तिसरा उपाय सर्वांत खात्रीचा, परंतु सर्वांत सावकाश फळ देणारा आहे, कारण शंभर वर्षांच्या झाडाची उंची सहज कमी करता येत नाही. इटलीत २००२ मध्ये पिडमाँटमध्ये आढळलेल्या आशियाई गाठमाशीने पुढील दशकात पीक इतके घटविले की, अनेक लहान मालकांना यंत्राचा खर्च झेपेना. तिच्यावर जगणारा परोपजीवी कीटक २००५ पासून सोडल्यानंतर झाडे हळूहळू सावरली. आर्देश व कॉर्सिकातील उतारांवर, जेथे ट्रॅक्टर चढत नाही, तेथे फळगळीनंतर जाळी गुंडाळून झाली की बांधांच्या सांध्यांत अडकलेली फळे अद्याप हातांनीच काढावी लागतात.